सरकारी कागद दोन, घरची पत्रिका एक : पणजोबांचं जन्मवर्ष कोणतं धरायचं?

नौपाडा_ठाणे
घराण्याची वंशावळ नीट मांडायला घेतली आहे. मूळ गाव शहापूर तालुक्यात. पणजोबा नोकरीसाठी ठाण्यात आले आणि इथलेच झाले. त्यांच्या जन्माबद्दल माझ्याकडे तीन कागद आहेत.

शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा : जन्मतारीख १ जून १९१८.
मृत्यूचा दाखला : मृत्यू १९८४, वय ६६.
जुन्या ट्रंकेतली जन्मपत्रिका : शके १८४१, माघ वद्य पंचमी.

शके अधिक ७८ केलं की १९१९ येतं. काका म्हणतात, दोन सरकारी कागद एकमेकांशी जुळतात, दोन्हींवर सही-शिक्का आहे, मग पत्रिकेला कोण विचारतो? आजीचं म्हणणं उलट. पणजोबांचा जन्म त्यांच्या आजोळी झाला आणि पत्रिका तिथल्याच गुरुजींनी मांडली, असं ती सासूकडून ऐकत आलीय.

दुसरी अडचण पणजीची. वारस फेरफारात (खातेदार गेल्यावर जमिनीला वारसांची नावं लागतात ती नोंद) तिचं फक्त सासरचं नाव आहे. माहेर कुठलं, हे आज घरात कोणालाच सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

खाडीकाठ
१ जून दिसला की समजायचं, तारीख मास्तरांनी दिलेली आहे! आमच्या घरी वडील, दोन्ही काका आणि शेजारचे नाना, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोरगं सहा-सात वर्षांचं दिसायचं, मास्तर मागे मोजून १ जून लिहून टाकायचे.

तिथीवार
धागाकर्त्या ताई, आधी पत्रिकेचं गणित नीट करू. शकाचं वर्ष चैत्र पाडव्याला बदलतं. शके १८४१ हे १९१९च्या चैत्रात सुरू झालं आणि त्याचा माघ आला तो थेट १९२०च्या जानेवारी-फेब्रुवारीत. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा ७९ मिळवावे लागतात. माघ वद्य पंचमी ९ फेब्रुवारी १९२० ला येते, वार सोमवार. पत्रिकेत वार दिलाय का? आणि जन्मवेळ?

नौपाडा_ठाणे
अरे वा! "इंदुवासरे" असं लिहिलंय. वेळ "सूर्योदयात् गतघटी ११".

तिथीवार
इंदुवासर म्हणजे सोमवारच. एक घटी २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयानंतर साधारण साडेचार तासांनी, सकाळी साडेअकराच्या आसपास जन्म. वेळ मध्यरात्रीनंतरची असती तर इंग्रजी तारीख एक दिवस पुढे गेली असती, कारण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. इथे तो घोळ नाही. तिथी, वार, मास आणि शक हे चारही एकमेकांशी जुळतात. मागाहून अंदाजाने बनवलेल्या पत्रिकेत सहसा यातलं काहीतरी चुकतं.

उपवन
सहमत नाही. पंचांग हाताशी असलेला कुठलाही गुरुजी चाळीस वर्षांनंतरही तिथी-वार जुळवून देईल. लग्न जमवताना पत्रिका "दुरुस्त" केल्याची उदाहरणं घरोघरी आहेत, तेव्हा पत्रिका जुळते म्हणजे ती खरी असं होत नाही. सरकारी कागदामागे निदान एक जबाबदार माणूस असतो. आपण प्रत्येक वेळी सरकारी नोंदीला नावं ठेवून घरातल्या ऐकीव गोष्टींना डोक्यावर घ्यायचं, हे मला पटत नाही.

निवृत्त_तलाठी
उपवन यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. जबाबदार माणूस असतो, पण कशाला जबाबदार ते पाहावं. मी आयुष्यभर याच कागदांत होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मृत्यूची नोंद घ्या. माणूस कधी आणि कुठे गेला, हे नोंदणाऱ्याचं काम. त्यासाठी डॉक्टरचा कागद नाहीतर स्मशानाची पावती लागते. वय मात्र तो स्वतः तपासत नाही, समोर उभा राहिलेला सांगतो. दुःखाच्या घरातून आलेला कोणी शेजारी किंवा जावई रेशनकार्ड बघून आकडा सांगतो आणि तोच आकडा कायमचा राहतो. तेव्हा १९८४ हे पक्कं, ६६ हे सांगोवांगी.

फेरफाराचं तसंच. बरेच जण फेरफाराच्या तारखेला आजोबांची मृत्यूची तारीख समजतात. खातेदार गेल्यावर वारसांनी तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण कळवतात कधी? जमीन विकायची वेळ आली की. वारसाची वर्दी ६क च्या रजिस्टरला, मग चौकशी, मग नमुना ६ ला फेरफार, नोटीस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. माणूस गेल्यानंतर दहा-वीस वर्षांनी झालेले वारस फेरफार मी स्वतः पाहिले आहेत. मजकुरात "अमुक हे अमुक रोजी मयत" असं असेल तर ती तारीख घ्या, तीही सांगणाऱ्याच्या भरवशावर.

पणजींबद्दल उद्या लिहितो.

घोडबंदर_रोड
+१. वाचनखूण साठवली.

कोर्टनाका
कायद्याच्या बाजूने थोडं. न्यायालयही सरकारी नोंदीला आंधळेपणाने मानत नाही. पुरावा कायद्याच्या कलम ३५ खाली, म्हणजे आताच्या साक्ष अधिनियमाच्या कलम २९ खाली, सरकारी माणसाने कर्तव्य म्हणून केलेली नोंद पुराव्यात घेता येते. पण घेता येणं वेगळं आणि तिच्यावर विसंबणं वेगळं. शाळेच्या रजिस्टरातल्या जन्मतारखेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये बिरदमल सिंघवी प्रकरणात सांगितलं की ती तारीख कोणी आणि कशाच्या आधारे दिली हे समोर आल्याशिवाय तिला फारसं वजन नाही. आईबापांनी किंवा प्रत्यक्ष माहिती असलेल्या माणसाने दिली असेल तर गोष्ट वेगळी. जमिनीच्या नोंदीलाही महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे "विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी" एवढंच संरक्षण आहे.

आता धागाकर्त्यांच्या काकांसाठी. शाळेचा उतारा आणि मृत्यूचा दाखला जुळतात, म्हणजे साक्षीदार दोन झाले का? १९१८ शाळेत लागलं, तिथून नोकरीच्या सेवापुस्तकात गेलं, तिथून पेन्शनमध्ये आणि रेशनकार्डावर, आणि शेवटी त्याच आकड्यावरून १९८४ ला ६६ वय सांगितलं गेलं. एकाच माणसाचं सांगणं दोनदा ऐकल्यासारखं आहे ते.

नेरूळ_पूर्व
वरचा प्रतिसाद वाचून वडिलांची गोष्ट सांगावीशी वाटली. आमचं गाव अलिबागकडे. आजी नेहमी सांगायची, "रामदास बुडाली तेव्हा हा पोटात होता, पुढच्याच महिन्यात झाला." रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला. म्हणजे वडिलांचा जन्म ऑगस्ट १९४७ चा. शाळेत लागली १ जून १९४५. थोरल्या भावाबरोबर एकाच वर्गात बसवायचं म्हणून वय वाढवलं. वडील सरकारी नोकरीत होते. ५८ वर्षांचा नियम, आणि महिन्याच्या १ तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. ३१ मे २००३ ला ते घरी बसले, खऱ्या वयाने छपन्नही पूर्ण नव्हतं. दोन वर्षांहून जास्त पगार गेला, त्याचा हिशेब आई आजही करते.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण बोट बुडाली तो दिवस किनाऱ्यावरच्या कुठल्या बाईच्या लक्षात नसेल? आमच्या आळीतली माणसं तीत होती. त्या आठवणीपुढे मी शाळेचा दाखला ठेवणार नाही.

उपवन
नेरूळ_पूर्व, हे मानलं. घटनेला बांधलेली आठवण पक्की असते. माझा आक्षेप "आपण मूळचे अमक्या सरदाराचे" या प्रकारच्या आठवणींवर आहे.

खाडीकाठ
त्या आक्षेपाला आमच्या अख्ख्या आळीचं अनुमोदन. :)

मोडीवाचक
सरदारांवरून आठवलं. आडनावावर वंशावळ बांधू नका. जुन्या मोडी कागदांत बहुतेक ठिकाणी आडनाव नसतंच. "अमुक बिन तमुक" म्हणजे तमुकचा मुलगा, "अमुकी कोम तमुक" म्हणजे तमुकची बायको, बस्स. आडनाव पुढे शाळेत, गिरणीत, रेल्वेत लागलं. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी लागलेली मी वाचली आहेत. एकाला गावावरून "कर" लागलं, दुसऱ्याला वतनावरून पाटील. दोन पिढ्यांनी त्यांची नातवंडं एकमेकांना ओळखतही नाहीत.

आणखी एक. मोडीत काना-मात्रेची आणि ऱ्हस्व-दीर्घाची फार ढिलाई असते. पुढे देवनागरीत नक्कल करणाऱ्या कारकुनाने लावला तो अर्थ. राघो आणि रघू एकच की दोन भाऊ, हे मूळ पान बघितल्याशिवाय सांगता येत नाही. टंकलिखित नक्कल बघून निष्कर्ष काढू नका, मूळ पानाचा फोटो मिळवा.

वर्तकनगर
२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी १९६७ पूर्वीची दप्तरं शोधली जातायत, त्यातून आपल्यासारख्यांचा फायदाच झाला. मोडी वाचणाऱ्यांना पहिल्यांदा मागणी आली. पण त्या नोंदींवरून जे राजकारण...

संपादक
वर्तकनगर, राजकारण वेगळ्या धाग्यावर. इथे नोंदींबद्दलच बोलू.

घणसोलीकर
आमच्याकडचा अनुभव सांगतो, जमिनी गेलेल्या गावचा. सिडको आली १९७० ला. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नवी मुंबईच्या नकाशात गेली. भूसंपादनाच्या निवाड्यात आमच्या आजोबांचं एकट्याचं नाव, पुढे "ए.कु.पु.". आजोबांचे भाऊ चार, बहिणी तीन. सगळ्यांनी मिळून ते खाजण बांधलं, मिठागरात राबले, आणि कागदावर एकच माणूस. पुढे १९८४ चं आंदोलन झालं, जासई-दास्तान फाट्याला माणसं गोळीबारात गेली, आणि नंतर साडेबारा टक्क्यांची योजना आली, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढ्या हिश्शाचा विकसित प्लॉट देणारी. तेव्हा गावातल्या प्रत्येक घराला वंशावळ लागली. प्रतिज्ञापत्रावर, साक्षीदारांच्या सह्यांनी.

त्या वंशावळींना मी काय म्हणू? कोणी खोटं लिहिलं असं म्हणत नाही. पण प्लॉटसाठी केलेल्या झाडाला प्लॉटपुरत्याच फांद्या. आमच्या एका आजी-आत्याचं नावच नाही तिच्यात. ती लग्नानंतर दोन वर्षांत गेली, मूल नाही, म्हणून "हिस्सा नाही तर नाव कशाला". सरकारी शिक्का असलेल्या एकाही कागदात ती बाई नाही. मी तिला शोधली कुठे? काकीच्या कपाटातल्या आहेराच्या वहीत. १९४०च्या दशकातलं लग्न, पेन्सिलीने लिहिलेली यादी. कुठल्या गावाहून कोणी काय दिलं. त्यात तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव दिवाळे, आणि पुढे "लुगडं एक, भांडं एक". माझ्यासाठी ती वही निवाड्यापेक्षा मोठी आहे.

नौपाडा_ठाणे
घणसोलीकर दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. आहेराची वही शोधायचं सुचलंच नव्हतं.

निवृत्त_तलाठी
घणसोलीकर यांचं बरोबर आहे. ए.कु.पु. म्हणजे एकत्र कुटुंबाचा पुढारी, कुठे ए.कु.मॅ. लिहितात. त्याच्यामागे किती माणसं उभी आहेत हे सातबारा सांगत नाही. अ.पा.क. दिसलं तर खातेदार अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि पालनकर्ता दुसरा होता. ही अक्षरं न वाचता लोक पालनकर्त्यालाच बाप समजून झाड काढतात.

बायकांचं सांगतो. विधवा आणि मुलींची नावं वर्षानुवर्षं "इतर हक्क" रकान्यात बाजूला टाकलेली असायची, तीही वर्दीत सांगितली तर. १९५६ च्या वारसा कायद्याने हक्क दिला तरी गावात वर्दी देताना भाऊ फक्त भावांची नावं सांगायचे. तेव्हा फेरफारात मुली नाहीत म्हणजे मुली नव्हत्या, असं कधीही धरू नका.

कूळ कायद्याची फाईल असेल तर मात्र जरूर काढा. १ एप्रिल १९५७ नंतर कलम ३२ग ची प्रकरणं चालली, त्यात कुळाचे आणि मालकाचे जबाब आहेत. कोण कधीपासून कसतो, बाप कधी वारला, भाऊ कुठे असतात, हे माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो. सातबाऱ्यात एवढं काही मिळत नाही.

पारसिक_हिल
आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन. आमच्याकडे चर्चची बाप्तिस्म्याची वही असते. तिच्यात बापाबरोबर आईचं नाव आणि धर्माचे आईबाप, हे सगळं त्याच दिवशी लिहिलेलं. पण तिथेही एक खोच आहे. तारीख बाप्तिस्म्याची पक्की, जन्माची घरच्यांनी सांगितलेली. तलाठीकाका म्हणतात तेच.

वर्तकनगर
त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्याही बघा. गाव आणि आडनाव सांगितलं की पोथी काढतात. आमच्या खापरपणजोबांची स्वतःच्या हातची सही तिथे मिळाली. सोबत कोण कोण आलं होतं त्यांची नावं आहेत, बायकांचीसुद्धा. फक्त आपल्या उपाध्यायांचं घर कोणतं ते वडीलधाऱ्यांना विचारून जा.

उपवन
मग मूळ प्रश्नाचं काय? जनगणनेचे कागद का बघत नाही कोणी? इंग्लंड-अमेरिकेत तर त्यावरच चालतं सगळं.

कोर्टनाका
आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने घराघरांतून भरून घेतलेली माहिती गोपनीय आहे, ती पाहायला मिळत नाही. छापून येतात ते एकूण आकडे. त्यातलं वयही पाच-दहाच्या पाढ्यात सांगितलेलं. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. अडतीस कोण सांगतो?

निवृत्त_तलाठी
मूळ प्रश्नाकडे येतो. ताई, तुमच्या आजी म्हणतात जन्म आजोळी. मग तुम्ही नोंद शहापूर तालुक्यात शोधताय की आजोळच्या गावी? गावात जन्म-मृत्यू पोलीस पाटलाकडून लिहिले जायचे, नंतर त्याच्या गाव नमुना १४ च्या वह्या झाल्या, लोक कोतवाल बुक म्हणतात. बाळ जिथे जन्मलं त्या गावाच्या वहीत नोंद. आजोळचा तालुका कोणता ते पाहून तिथल्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करा. फेब्रुवारी १९२० चं पान मागा, पुढचा महिनाही मागा. ठाणे जिल्ह्याचे स्कॅन केलेले काही जुने कागद "आपले अभिलेख" संकेतस्थळावरही दिसतात, पण प्रत्येक वही तिथे असेलच असं नाही.

नोंदीत मुलाचं नाव नसणार. "मुलगा" आणि बापाचं नाव एवढंच. बारसं व्हायच्या आधी वर्दी गेलेली असते.

मोडीवाचक
आणि पणजींच्या माहेरासाठी हाच धागा उलटा धरा. पहिलं बाळंतपण माहेरी. पणजोबांच्या थोरल्या मुलाचा किंवा मुलीचा शाळेचा दाखला काढा. तारीख सोडून द्या, जन्मठिकाणाचा रकाना बघा. मास्तर तारीख बसवायचे, गाव कशाला बसवतील?

तिथीवार
मोडीवाचक, क्या बात है!

नौपाडा_ठाणे
खूप दिवसांनी येतेय, क्षमस्व. दोन गोष्टी झाल्या.

थोरल्या आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यात जन्मठिकाण मुरबाड तालुक्यातलं एक गाव निघालं. आमचं तिथे कोणीच नाही असं घरात सगळे म्हणत होते. तिथे गेल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी पणजीचं माहेरचं नाव सांगितलं, तिच्या भावाचं घर दाखवलं. त्या घरातली मंडळी आम्हाला ओळखत नव्हती, पण ठाण्याला दिलेली आत्या त्यांना माहीत होती.

दुसरं, आजोळच्या गावच्या वहीत नोंद मिळाली. मोडीत आहे. अभिलेख कक्षातल्या ताईंनी वाचून दाखवली. मुलगा, बापाचं नाव आणि गाव आमचंच. तारीख मात्र १२ फेब्रुवारी १९२०. पत्रिका म्हणते ९. काका म्हणतात, बघा, पत्रिका चुकलीच.

निवृत्त_तलाठी
अभिनंदन! पानावर तारखेचे रकाने किती आहेत? एक जन्माचा आणि एक वर्दीचा असायला हवा. कित्येक पाटील एकच भरायचे, वर्दी ज्या दिवशी आली तो. गुरुवार १२ ला वर्दी आली असेल तर सोमवारच्या जन्माशी ती छान बसते. पण पान बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. त्याच महिन्यातल्या बाकीच्या नोंदी पाहा. बऱ्याच नोंदींना एकच तारीख असेल तर पाटलाने साचवून लिहिलंय.

उपवन
तारीख ९ असो की १२, १९१८ बाद झालं हे मी मान्य करतो. १९२० धरा. वंशावळीत चारही कागदांचा उल्लेख करा आणि कोणता कागद कोणी, कधी लिहिला तेही लिहा, म्हणजे पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागणार नाही.

मोडीवाचक
अख्ख्या पानाचा फोटो मिळाला तर इथे चिकटवा, बाकीच्या कुटुंबांची नावं झाकून. मोडीतला १२ आणि त्या पाटलाचा ९ कसा दिसतो ते आधी बघू.

घणसोलीकर
तलाठीकाका, माझा एक प्रश्न राहिला. आमचं गाव जुन्या ठाणे तालुक्यातलं, जमीन १९७० नंतर संपादनात गेली. ३२ग च्या फायली आता कुठे मिळतील?

निवृत्त_तलाठी
शेतजमीन न्यायाधिकरण तहसील कचेरीतच चालायचं, तेव्हा आधी ठाणे तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव, सर्व्हे नंबर आणि कुळाचं नाव देऊन अर्ज करा. प्रकरण क्रमांक १९५७ नंतरच्या फेरफाराच्या मजकुरात असतो, तो आधी टिपून घ्या. आणि भूसंपादन शाखेतली निवाड्याची मूळ फाईलही मागा. हरकती घेणाऱ्यांचे अर्ज तिच्यात असतात, बहिणींचेसुद्धा.